घरगुती मिडी नॉब कंट्रोलर: हात न लावता आकडे हलतात आणि डिस्प्ले जोडल्यापासून नॉब मागे पडतो

खाडीकाठचा_कीबोर्ड:
नमस्कार मंडळी. मी मालवणजवळ राहतो, वाडीतल्या भजन मंडळात कीबोर्ड वाजवतो आणि साऊंडपण मीच बघतो. बुवांचा माइक लॅपटॉपवर रीपरमधे (रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर) घेऊन तिथेच रिव्हर्ब (आवाजाला घुमारा) लावतो, आणि तानपुऱ्यासाठी एक सिंथ आहे, सा-प दाबून सस्टेन पेडलवर धरून ठेवायचं. अभंग संथ चालू असतो तोवर रिव्हर्ब गोड लागतो, पण गजर चढला की झांजा आणि शब्द एकमेकांत मिसळून नुसता गलका होतो, तेव्हा रिव्हर्ब झटकन खाली यायला पाहिजे आणि माउसने ते जमत नाही, एक हात कीबोर्डवर आणि डोळे बुवांकडे असतात. म्हणून नॉबचा कंट्रोलर घरीच करायला घेतला.

अर्डुइनो प्रो मायक्रो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), त्याच्या ए० ते ए३ पिनांवर १० केचे चार लिनियर पॉट (नॉबखालचे फिरवायचे रेझिस्टर), आणि ०.९६ इंची ओलेड डिस्प्ले, कुठला नॉब किती वर आहे ते दिसावं म्हणून. सगळं अजून ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता वायरी खोचायचा बोर्ड) आहे. यूएसबी लावली की लॅपटॉप ड्रायव्हरशिवाय मिडी उपकरण (वाद्यांचे हुकूम आकड्यांत पाठवणारं) म्हणून ओळखतो, तिथपर्यंत मस्त. पण नॉबला हात न लावता ६३-६४-६३-६४ चालूच राहतं. डिस्प्ले जोडल्यापासून तर नॉब फिरवला की रिव्हर्ब मागून येतो, तोही पायऱ्या पायऱ्यांनी. आणि मधेच तानपुरा तुटतो, म्हणजे पेडल दाबलेलं असतानाच सूर गायब. नॉबना सीसी नंबर (कुठला नॉब हलला ते मिडीत सांगणारा क्रमांक) १२० पासून पुढचे चार दिलेत, ते कोणी वापरत नसेल असं वाटलं म्हणून. चतुर्थीच्या आधी हे चालू व्हायला हवं, कृपया मदत करा.

झिरो_पीसीबी:
दादा, तुमच्या पहिल्या दोन तक्रारी एकमेकांना जोडलेल्या आहेत. पॉटचं वाचन ० ते १०२३ येतं आणि मिडीला ० ते १२७ लागतं, म्हणजे वाचनाचे आठ आकडे मिळून मिडीचा एक आकडा. नॉब नेमका ५११ आणि ५१२ च्या मधे उभा असेल तर एका आकड्याच्या फरकाने ६३ चा ६४ होतो. ५ व्होल्टचे १०२४ भाग केले तर एक भाग पाच मिलिव्होल्टच्या आसपास, आणि ब्रेडबोर्डच्या ढिल्या ग्राउंडवर तेवढा चढउतार सहज होतो.

आता तुमचा प्रोग्राम बहुतेक असा असणार की आकडा बदलला की मिडी पाठव आणि स्क्रीन पुन्हा काढ. म्हणजे नॉब नुसता थरथरला तरी दर फेरीला पूर्ण स्क्रीन निघतेय. १२८ बाय ६४ चा डिस्प्ले म्हणजे १०२४ बाइट, आय-टू-सी (बोर्ड आणि डिस्प्लेमधली दोन वायरींची लाइन) १०० किलोहर्ट्झवर असेल तर ते जायलाच ९० मिलिसेकंदांच्या वर लागतात, ४०० वर नेलं तरी पंचवीसेक. तेवढा वेळ बोर्ड नॉबकडे बघतच नाही, तुम्हाला दिसणाऱ्या पायऱ्या ह्याच. शिवाय ओलेडवर जेवढे ठिपके पेटतात तेवढा करंट तो जास्त ओढतो, त्याने ग्राउंड हलतं, त्याने पुन्हा नॉबचं वाचन हलतं.

आधी नॉब शांत करा. मागचं स्वीकारलेलं कच्चं वाचन लक्षात ठेवा आणि नवीन वाचनात ६ पेक्षा जास्त फरक पडला तरच ते घ्या. पॉटच्या मधल्या पायापासून ग्राउंडला १०४ छापलेला सिरॅमिक कपॅसिटर लावा. पॉटांची ग्राउंडची वायर डिस्प्लेवरून फिरवून आणू नका, सरळ बोर्डपासून वेगळी घ्या, आणि वरचा पाय बोर्डच्याच व्हीसीसीला (वीज देणारा पिन). मग स्क्रीनचं बघा. आधी मिडी पाठवायचं, स्क्रीनला ६० मिलिसेकंदांतून एकदाच हात लावायचा आणि तोही आकडा बदलला असेल तरच. यू-एट-जी-टू लायब्ररीतला यू-एट-एक्स-एट प्रकार घ्या, त्याला पूर्ण स्क्रीनचा बफर (मेमरीत ठेवलेली स्क्रीनची प्रत) लागत नाही. प्रो मायक्रोची रॅम सगळी मिळून अडीच केबी, त्यातला एक केबी त्या बफरलाच जातो. दुप्पट मोठे तीन आकडे काढायला ९६ बाइट पुरतात, लांबूनपण स्पष्ट दिसतात.

तांबडी_माती:
वरचं सगळं बरोबर, पण तानपुऱ्याचं राहिलं. १२० ते १२७ हे सीसी नंबर रिकामे नाहीत हो! १२० म्हणजे सगळे आवाज बंद, १२१ म्हणजे सगळे कंट्रोलर मूळ जागेवर, त्यात सस्टेन पेडलपण सुटतं, आणि १२३ म्हणजे सगळे सूर सोडा. तुमचा पहिलाच नॉब १२० वर आहे, तो नुसता थरथरला तरी सिंथला आवाज बंद करायचा हुकूम जातोय. तानपुऱ्याच्या ट्रॅकला इनपुट म्हणून सगळी मिडी उपकरणं दिली असतील तर हे होणारच. तिथे फक्त कीबोर्ड ठेवा आणि नॉबना २० ते २३ द्या, ते खरंच मोकळे आहेत.

एक सुचवू का, पॉटच्या जागी गोल फिरत राहणारे एन्कोडर लावा, गाणं बदललं की आकडा उडी मारत नाही.

झिरो_पीसीबी:
एन्कोडर घरी मिक्सिंग करायला उत्तम, पण ह्या कामाला मी पॉटच ठेवीन. बुवांकडे बघताना बोटाला नॉबची खूण लागली की कळतं रिव्हर्ब किती आहे, एन्कोडरला स्क्रीनकडे बघावंच लागतं. उडी टाळायला रीपरमधे लर्न करताना (नॉब रिव्हर्बला जोडताना) सॉफ्ट टेकओव्हरवर टिक करा, नॉब जुन्या आकड्यापाशी पोचल्याशिवाय काही हलत नाही.

देवगडचो_सोल्डरवालो:
माका पण ह्योच त्रास झाल्लो. समुद्राजवळ ब्रेडबोर्डवर फार दिवस ठेवू नका, आतल्या पत्त्या काळ्या पडतात आणि मग प्रोग्राममधे दोष शोधत बसता. माझा पहिला कंट्रोलर एका पावसाळ्यात गेला, नॉब फिरवला की खरखर आणि वाचन ३०० वरून एकदम ९०० वर. पॉट उघडून बघितला तर कार्बनच्या पट्टीवर ओलसर पांढरट थर, काडीने खरवडला तर निघायचा. झिरो पीसीबीवर (नुसती भोकं असलेला सोल्डरचा बोर्ड) सोल्डर करा, फ्लक्स आयसोप्रोपिलने पुसून घ्या, मागच्या बाजूला लॅकर मारा पण पॉटच्या तोंडात आणि यूएसबीत अजिबात जाऊ देऊ नका. पॉट बंद बॉडीचे मिळाले तर तेच घ्या. नॉब खरखरला म्हणून खोबरेल सोडू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरच. मी खोकं फणसाच्या फळीचं केलंय, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या, दर महिन्याला बदलतो.

खाडीकाठचा_कीबोर्ड:
सगळ्यांचे मनापासून आभार! काल रात्री बसून नंबर बदलले, तानपुरा तासभर धरून ठेवला, एकदाही तुटला नाही. ६३-६४ पण थांबलं आणि स्क्रीनवर मोठे आकडे घेतल्यावर नॉब हाताबरोबर चालतो. एकच राहिलंय, रिव्हर्ब पूर्ण बंद होत नाही, हळू फिरवला तर १ वर अडकतो.

झिरो_पीसीबी:
ते त्या ६ च्या फरकामुळे. शेवटचं स्वीकारलेलं वाचन ८ असेल आणि नॉब २ वर जाऊन टेकला तर फरक ६ च होतो, म्हणून नवीन वाचन घेतलंच जात नाही. दोन्ही टोकांना सूट द्या, वाचन ८ च्या खाली गेलं की सरळ ०, आणि १०१५ च्या वर गेलं की सरळ १२७.

खाडीकाठचा_कीबोर्ड:
झालं दादा, शून्यावर येतो. आज तालमीत गजराला रिव्हर्ब एका फिरकीत खाली आणला, बुवांनी पेटीवरून मान वर करून बघितलं आणि पुढचं कडवं जोरात घेतलं. उद्या झिरो पीसीबी आणायला कुडाळला जातोय. देवगडकर, फणसाची फळी किती जाडीची घेतलीत?

देवगडचो_सोल्डरवालो:
बाजूच्या फळ्या अर्धा इंच. वरची मात्र पातळ घ्या, नाहीतर पॉटचा आटा नटापर्यंत पोचत नाही. मी वरती तीन मिलिमीटरचं अॅक्रिलिक टाकलंय.