प्रति: मुंबई की चौल?

नागपूरच्या पाहुण्यांना दोन दिवस मुंबईच फिरवावी की अलिबागजवळच्या चौल-रेवदंड्याला न्यावं असं विचारलंय ना, मी म्हणेन डोळे झाकून चौल. मॉल नागपुरातही आहेत, कोस्टल रोड एअरपोर्टवरून येता-जाता होऊन जाईल. फक्त आधी थोडं वाचून जा, नाहीतर नारळी-पोफळीच्या वाड्या बघून परत याल, कारण चौल एके काळी मोठं बंदर होतं, पण ते जुनं बंदर म्हणून समोर असं काही उभं नाहीये. ग्रीक भूगोलकार टॉलेमीने दुसऱ्या शतकात सिमिल्ला म्हणून लिहिलंय ते हेच, पंधराव्या शतकात रशियाचा व्यापारी-प्रवासी निकितीन इथेच उतरला (रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे) आणि मग पोर्तुगीजांचा अंमल, तो थेट १७४० पर्यंत!

रामेश्वराचं देऊळ अजिबात चुकवू नका. पुष्करणी सुंदर आहेच, पण सभामंडपात जमिनीखाली पर्जन्यकुंड, वायुकुंड, अग्निकुंड अशी कुंडं आहेत, वर झाकण, आणि पाऊस लांबला की पर्जन्यकुंड उघडायची पद्धत होती, हे ऐकलं की मला दरवेळी भरून येतं, किती आशेने उघडत असतील लोक.

रेवदंड्याच्या किल्ल्यात तर गावच वसलंय, तटाच्या आत घरं नि वाड्या. सातखणी मनोऱ्याचे चारच मजले उरलेत, पायथ्याशी तोफा आहेत त्या पोरांना जवळून दाखवा. समुद्राकडून तटाच्या कडेने चालायचं असेल तर ओहोटीची वेळ बघून जा.

गाडी असेल तर मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाडीसकट नेणारी बोट) मांडवा, म्हणजे अलिबागच्या बाजूचा धक्का. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात हं.