एप्रिलात दीड फूट कोरड्या मुरमात जिवंत बेडूक सापडला. हा जगतो कशावर?

माणदेशी_डाळिंब
14 एप्रिल, रात्री 9:20

राम राम मंडळी. आटपाडीकडचा आहे. डाळिंबाच्या नव्या लागणीचे खड्डे काढायचं चाललंय. आज बांधाकडच्या ओळीत टिकाव मारताना दीड फुटावर एक ढेकूळ सुटलं. बघतो तर ढेकूळ नाही, बेडूक. मोठ्या लिंबाएवढा, पाय पोटाशी घेतलेले, डोळे मिटलेले. मेलाय समजून हातावर घेतला तर टम्म फुगला आणि तळहातावर चमचाभर पाणी सोडून मोकळा झाला. पाण्याला रंग नाही, वास नाही.

त्या ओळीला अजून ठिबकची नळीसुद्धा टाकलेली नाही. दिवाळीपासून तिथं पाण्याचा थेंब नाही. वर बीळ नव्हतं, भेग नव्हती. मग हा आत शिरला कुठून, श्वास कसा घेतो, आणि इतके महिने खातो काय? आबा म्हणतात, बेडूक वर आला की पाऊस जवळ आला. पण हा कुठं आला, आम्हीच काढलाय! सध्या घमेल्यात मातीवर ठेवलाय, वरून ओलं पोतं. पुढं काय करू?

जतकर
14 एप्रिल, रात्री 10:05

आमच्या शेततळ्याच्या खोदाईत जेसीबीच्या बकेटमधून असे तीन निघाले होते. ड्रायव्हर मशीन सोडून पळाला, म्हणे विषारी असतात. आम्ही तिन्ही विहिरीत सोडले. पाण्यातला जीव पाण्यात.

निवृत्त_जीवशास्त्र
15 एप्रिल, सकाळी 6:50

जतकर, विहिरीत सोडायला नको होते हो. हा बेडूक पोहण्यात यथातथाच. बांधीव विहिरीची उभी भिंत त्याला चढता येत नाही, मग थकून बुडतो. आणि ते विषारी नसतात, ड्रायव्हर उगाच पळाला.

माणदेशी, ओल्या पोत्याचं छान केलंत. तुमच्या हातावर सांडलं ते त्याचं साठवणीचं पाणी होतं. जमिनीत राहणाऱ्या बेडकांचं मूत्राशय मोठं असतं. पावसाळ्यात ते भरून घ्यायचं आणि उन्हाळाभर त्यातलंच पाणी अंगात परत शोषत राहायचं. तुम्ही उचललंत, तो घाबरला आणि हंगामाची शिल्लक ओतून बसला. आता ती भरून द्यायची जबाबदारी तुमची. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, पोटाखालच्या कातडीनं शोषतो. त्यामुळे रात्रभर चांगल्या ओल्या मातीवर बसू दे. बादलीत टाकू नका. आणि हात धुऊन धरा. फवारणीचं औषधही त्याच कातडीतून आत जातं.

आता त्याचा मागचा पाय बघा. टाचेजवळ, आतल्या बाजूला, कडक फिकट उंचवटा असेल, खुरप्याच्या पात्यासारखा. तेच त्याचं अवजार. हा उंदरासारखा तोंड पुढे करून खणत नाही. बसल्या जागी मागच्या पायांनी आळीपाळीनं माती बाजूला सारतो, अंग घुसळत मागे मागे खाली जातो आणि वरची माती त्याच्या डोक्यावर ढासळते. बीळ उरतच नाही, मग तुम्हाला दिसणार कुठून? श्वासाचं म्हणाल तर मातीच्या कणांमधल्या हवेवर आणि ओल्या कातडीवर भागतं, कारण गरजच थोडी असते. पाठ्यपुस्तकात याला ग्रीष्मनिद्रा म्हणतात. झोप म्हणण्यापेक्षा काटकसर म्हणा: हालचाल बंद, शरीराचा खर्च अगदी खाली, अंगातल्या चरबीवर गुजराण. खात काहीच नाही.

अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटातले फावड्या पायाचे बेडूक आणखी एक युक्ती करतात. माती सुकू लागली की ते अंगात युरिया साठू देतात. काकडीला मीठ लावलं की मीठ तिच्यातलं पाणी ओढतं ना, तसं ते मातीतली उरलीसुरली ओल स्वतःकडे ओढतात. ऑस्ट्रेलियातला एक तर जुन्या कातडीचे थर अंगाभोवती राहू देऊन त्यांचंच वेष्टन करतो. आपल्याकडच्या बेडकावर असं वेष्टन मी कधी पाहिलेलं नाही.

आबांचं अर्धं बरोबर आहे. हे वर येतात ते पावसाच्याच वेळी, पण आधी सांगायला नव्हे. ॲरिझोनावाल्यांवर प्रयोग झाले, त्यात कोरड्या मातीतही नुसत्या मोटारीच्या थरथरीनं बेडूक वर आले. म्हणजे ओलीपेक्षा सरींचा दणका त्यांना जास्त कळतो. एका रात्रीत शेकडो दिसतात, म्हणून लोकांना वाटतं आभाळातून पडले. त्यांना मुसळाला बांधून ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत दारोदार फिरवणारी पोरं मी लहानपणी पाहिली आहेत. बेडकाची दया यायची, पण पाणी ओतायला मीही पुढे असे.

त्याचं तोंड कसं आहे? रुंद की अगदी बारीक?

माणदेशी_डाळिंब
15 एप्रिल, रात्री 8:30

बाई, तोंड रुंद, मुंडकं आखूड. टाचेला ते पातं आहे, नखानं टकटक वाजतं!

निवृत्त_जीवशास्त्र
15 एप्रिल, रात्री 9:10

मग बहुतेक स्फेरोथेका पश्चिमा. पूर्वी आपण त्याला दक्षिणेकडच्याच जातीत धरायचो. 2017 मध्ये पुण्यातल्या संशोधकांनी तो वेगळा असल्याचं दाखवलं. तोंड बारीक आणि अंग फुग्यासारखं असतं तर मी उपेरोडॉन म्हटलं असतं, तो वाळवी-मुंग्यांवरचा गडी. कुणी नासिकाबॅट्राकस सुचवेल, त्याआधीच सांगते: तो जांभळा बेडूक केरळकडचा, त्याचं नाव 2003 चं, आणि ‘नासिका’ म्हणजे नाक. माझ्या वर्गात दरवर्षी कुणीतरी तो नाशिकचा ठरवायचं. त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक सेशेल्स बेटांवर आहेत, गोदाकाठी नाहीत.

उद्या संध्याकाळी बांधाच्या सावलीत दोन घागरी ओतून माती भुसभुशीत करा आणि त्याला वर ठेवा. पुरू नका, त्याचा तो जाईल.

माणदेशी_डाळिंब
16 एप्रिल, रात्री 9:00

गेला. धाकटी मोबाईल धरून बसली होती. बूड हलवत हलवत असा उतरला की शेवटी दोन डोळेच वर, मग तेही नाहीत. बांधावर खुणेला दगड ठेवलाय.

माणदेशी_डाळिंब
2 जून, सकाळी 7:15

काल रोहिणीचा पाऊस झाला, चांगला तासभर. रात्री बांधाकडून ‘अवँग, अवँग’ असा आवाज, एक थांबला की दुसरा. टॉर्च घेऊन गेलो तर पाणी साचलेल्या खड्ड्यांत सात-आठ बसलेले. दगडाखालचा त्यांतला कोणता, काय कळणार! सकाळी दोन खड्ड्यांत अंडी दिसली. मुरमात पाणी टिकत नाही म्हणून दोन्हीत घागर-घागर घालतोय. रोपं मात्र येऊन पडलीत आणि आबा विचारतात, हे दोन खड्डे कधी भरायचे?

निवृत्त_जीवशास्त्र
2 जून, सकाळी 8:00

बेडूकमासे झाले की रोज बघत राहा. आधी मागचे पाय फुटतील, मग पुढचे. चारही पाय आले आणि शेपूट आखडली की ते स्वतःच बाहेर निघतील. तोवर त्या दोन खड्ड्यांत शेणखत, औषध काही टाकू नका, आणि पाणी विहिरीचंच घाला.