शब्दचर्चा: ट्रेस म्हणजे माग की मागोवा? आणि ड्रायव्हरने जोडलेल्या डेटाला काय म्हणायचं?

भाट्याची खाडी: मंडळी, रत्नागिरीत पोरांना लिनक्स शिकवते, मराठीत नोट्स लिहायला घेतल्या आणि अडकलेय. बीएलकेट्रेस म्हणून टूल आहे, येन्स ॲक्सबोचं, २००६ पासून कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, त्याची सोय आहे. डिस्ककडे निघालेल्या प्रत्येक रिक्वेस्टची नोंद ठेवतं, रांगेत आली की क्यू, ड्रायव्हरकडे (डिस्कशी बोलणारा प्रोग्राम) सोपवली की डी, काम झालं की सी. तर ट्रेसला मागोवा चालेल का? आणि या नोंदींमध्ये ड्रायव्हर आपला वेगळा डेटा घालू शकतो त्याला काय? मी ‘चालक विदा’ लिहिलं, पोरं फिदीफिदी हसली.

कुडाळ जंक्शन: मागोवा नको ताई. सगळं झाल्यावर मागे वळून घेतात तो मागोवा, डिसेंबरात पेपरवाले सरत्या वर्षाचा घेतात ना तो. हे टूल रिक्वेस्ट चालू असतानाच तिच्या पाठीवर असतं, म्हणजे माग. आमच्याकडे रानात डुकराचो माग काढतत, मागोवा कोण घेणा नाय! नंतर बीटीटी, म्हणजे त्या नोंदींचा हिशेब मांडणारं जोडीचं टूल, चालवून क्यू ते सी सरासरी किती, डी ते सी किती असं बघता, त्याला मागोवा म्हणा खुशाल.

हर्णे बंदर: +१ माग. हातमागवाला माग मध्ये येईल अशी भीती नको, ‘काढणे’ लावलं की गोंधळ संपतो. छडा मात्र टाळा, छडा लागला म्हणजे चोर सापडला, आणि टूल काही चोर पकडून देत नाही, ते तुमचं तुम्हीच करायचं. मागमूस तर ‘लागला नाही’ शिवाय वाक्यात येतच नाही. ड्रायव्हरला ड्रायव्हरच राहू दे, चालक म्हटलं की मला एसटीच दिसते.

भाट्याची खाडी: माग पटला. पण मुख्य घोडं दुसरीकडेच अडलंय. डी ते सी या एका आकड्यात ॲडॅप्टर, केबल, स्विच, पलीकडची डिस्क सगळं आलं, हळू नक्की कोण ते कळत नाही. आयबीएमच्या मेनफ्रेमवर झेडएफसीपी नावाचा ड्रायव्हर आहे, तो काम पूर्ण होताना चॅनलमध्ये (ॲडॅप्टरच्या बाजूला) किती वेळ गेला आणि फॅब्रिकमध्ये (केबल, स्विच, डिस्कच्या बाजूला) किती हे वेगवेगळं लिहून देतो. बीएलकेट्रेसमध्ये त्यासाठी खास जागा आहे. या जोडलेल्या तुकड्याला शब्द हवाय.

हर्णे बंदर: पुरवणी! एकदम फिट बसतो. नोंदीचा साचा ठरलेला, त्यात मागे किती बाइट्स जोडलेत त्याचा एक रकाना, आणि मग ते बाइट्स. उत्तरपत्रिकेला दोऱ्याने पुरवणी बांधतात तसंच, सुपरवायझर किती जोडल्या ते लिहून घेतो, आत काय खरडलंय ते वाचत नाही. कर्नलचंही तेच, लांबी माहीत, मजकुराशी देणंघेणं नाही. वाचणारा वेगळा, त्या ड्रायव्हरची मांडणी ठाऊक असलेलं टूल. म्हणून तर झेडएफसीपीच्या पुरवणीत पहिला एक ओळखीचा आकडा असतो, आपलीच आहे ना हे बघून मगच पुढे वाचायचं, नाहीतर कुणाचेही बाइट्स वेळ म्हणून छापले जातील.

कुडाळ जंक्शन: पुरवणी बरी. परिशिष्ट म्हणायचा मोह होईल, पण परिशिष्ट पुस्तकाच्या शेवटी येतं, हे नोंदीगणिक येऊ शकतं. आणि जोडपत्र म्हटलं की तहसील कचेरी.

भाट्याची खाडी: ठरलं मग, पुरवणी. आता लेटन्सीला विलंब लिहू का?

हर्णे बंदर: नको हो. विलंब म्हणजे ठरल्यापेक्षा उशीर, फलाटावरच्या घोषणेतला. इथे वेळच ठरलेली नाही, अगदी झटपट झालेल्या रिक्वेस्टचीही लेटन्सी असतेच. ‘लागलेला वेळ’ लिहा. आणि त्या पुरवणीत एक खूण असते, दिलेले वेळ ग्राह्य आहेत की नाहीत ते सांगणारी, ती नोट्समध्ये घालाच, पोरं ती न बघता थेट सरासरी काढायला बसतात.