अमली पदार्थ जवळ बाळगणे गुन्हा न राहिल्यावर : आपले आणि आपल्या माणसांचे अनुभव

रानजाई
परवा एका चर्चेत ‘शिक्षेची भीती गेली की व्यसन बोकाळणारच’ असे कोणीतरी ठामपणे म्हणाले आणि मला धाकट्या भावाची ती रात्र आठवली. हेरॉइनची मात्रा जास्त होऊन त्याचे ओठ निळे पडले होते, श्वास घरघरत होता, आणि सोबतचे मित्र मात्र पुड्या व सुया कुठे टाकायच्या याच विवंचनेत होते, कारण रुग्णवाहिकेपाठोपाठ पोलीसही येतील याची त्यांना खात्री होती. तो वाचला, पण त्या भीतीने त्याचे व्यसन तसूभरही कमी केले नव्हते, मदतीला तेवढा उशीर केला होता. जिथे कायदा बदलला तिथल्या व्यसनी माणसांच्या जगण्यात काय फरक पडला, हे जवळून पाहिलेल्यांनी कृपया लिहावे.

निशिगंध
लिस्बनमध्ये मी स्वतः या प्रक्रियेतून गेलो आहे. पोर्तुगालमध्ये जुलै २००१ पासून दहा दिवसांच्या वापराइतका साठा, म्हणजे हेरॉइन १ ग्रॅम किंवा कोकेन २ ग्रॅमपर्यंत, सापडल्यास न्यायालयाऐवजी एका समितीपुढे जावे लागते. विक्री मात्र गुन्हाच आहे. पोलिसांनी माल काढून घेतला आणि हातात कागद दिला. समितीतल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, तो झोप लागते का, हा. उपचाराची तयारी दाखवल्यावर कारवाई स्थगित राहिली, मेथाडोन (हेरॉइनऐवजी दिले जाणारे औषध) सुरू झाले आणि टर्की लागण्याच्या, म्हणजे नशा न मिळाल्याने होणाऱ्या शारीरिक त्रासाच्या, धास्तीने पहाटेपासून पैशांसाठी वणवण करणे थांबले. तरीही सगळे श्रेय कायद्याला देणे मला पटत नाही. टोचून घेणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचे नवे रुग्ण तिथे पुढे फार घटले, पण औषधांच्या दुकानांतून सुया बदलून देण्याची योजना १९९३ पासूनच चालू होती.

सावली
माझा मावसभाऊ अमेरिकेत ओरेगन राज्यात असतो. तिथे फेब्रुवारी २०२१ पासून थोडा साठा सापडल्यास अटकेऐवजी १०० डॉलर दंडाची चिठ्ठी मिळे आणि आरोग्य तपासणीसाठी फोन केल्यास तो दंड माफ होई. त्याला उपचार खरोखरच हवे होते, परंतु केंद्रात जागा नव्हती. १ सप्टेंबर २०२४ पासून साठा बाळगणे पुन्हा गुन्हा ठरले आणि भाऊ पुन्हा लपून घेऊ लागला.

उत्तरा
रानजाईताई, तुमच्या भावाविषयी वाचून फार वाईट वाटले. मी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात रस्त्यावरच्या रुग्णांच्या जखमांची मलमपट्टी करते. इथे ३१ जानेवारी २०२३ पासून जानेवारी २०२६ पर्यंत प्रौढांकडचा अडीच ग्रॅमपर्यंतचा साठा पोलीस जप्त करत नसत. बाहेरच्यांना ही बाब किरकोळ वाटते, पण माल जप्त झालेला माणूस टर्कीत तळमळत उधारीवर, अनोळखी विक्रेत्याकडून, फेंटानिल (हेरॉइनपेक्षा कितीतरी तीव्र अमली पदार्थ) किती मिसळले आहे ते ठाऊक नसलेली पुडी घेतो, आणि जीव जातो तो तिथेच. जप्ती थांबल्यावर काही जण गळू चिघळण्याआधीच माझ्याकडे येऊ लागले, पिशवीतली सुई न लपवता दाखवू लागले. मृत्यू थांबले असे मी म्हणणार नाही, कारण कायदा बदलल्याने पुडीतले विष निघून जात नाही. मे २०२४ मध्ये सार्वजनिक जागांपुरती ही सवलत काढून घेण्यात आली, आणि ज्यांना घरच नाही त्यांच्यासाठी ती तेव्हाच संपली.

रानजाई
उत्तराताई, मनापासून आभार. घरच्यांच्या वागण्यातही फरक पडतो का? आमच्याकडे आईने दोन वर्षे कोणाला सांगितलेच नाही. मुलगा व्यसनी आहे यापेक्षा तो आरोपी ठरेल याचीच तिला धास्ती होती.

निशिगंध
पडतो. समितीचा कागद मी वडिलांना दाखवू शकलो. अटकेचा कागद दाखवला नसता.

पाऊलवाट
एक मुद्दा राहून जातो. कायदा बदलला तरी आधीची शिक्षा नोंदीतून आपोआप पुसली जातेच असे नाही. मी व्यसन सोडून बरीच वर्षे झाली, पण नोकरीच्या अर्जातल्या त्या रकान्यापाशी माझा हात अजूनही थांबतो. सावली, तुमच्या भावाला केंद्रात जागा मिळाली का?