बेदाण्याला एकसारखा दर मिळेना: कलर सॉर्टर घ्यावा का?

तासगाव पूर्व: आमच्या उत्पादक कंपनीचे सभासद थॉमसन जातीच्या द्राक्षांचा बेदाणा करतात, पण वाळवायची शेड प्रत्येकाची वेगळी. एकत्र लॉट लावला की हिरवा, पिवळा, तपकिरी असा मिक्स माल दिसतो आणि बोली हलक्या मालाच्या दरावर अडते. कलर सॉर्टर, म्हणजे रंगानुसार माल वेगळा करणारं यंत्र, घ्यायचा विचार चाललाय. जाणकारांनी सांगावं.

शेड आणि रॅक: सॉर्टर रंग वेगळा काढून देतो, बिघडलेला रंग सुधारत नाही. आधी साखर बघा. २२ ब्रिक्सच्या (म्हणजे रसात साधारण २२ टक्के साखर) आत काढणी नको. १०० किलो द्राक्षं १८ ब्रिक्सला काढली तर १५ टक्के ओलाव्याचा बेदाणा २१ किलोच्या आसपास बसतो, २२ ब्रिक्सला जवळजवळ २६ किलो. तूट दोन्हीकडे धराच, पण मजुरी आणि शेडभाडं तेवढंच लागतं.

मग डिपिंग, म्हणजे वाळवण्याआधी घड द्रावणात बुडवणं. १०० लिटर पाण्याला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर इथाइल ओलिएट, म्हणजे आपलं डिपिंग ऑइल. कार्बोनेट आधी पूर्ण विरघळवा, मग ढवळत ढवळत ऑइल बारीक धारेनं सोडा. द्रावण दुधाळ व्हायला हवं. वर तवंग आला तर काही घडांना नुसतं तेल लागतं, काहींना नुसतं पाणी, आणि एकाच रॅकवर दोन रंग पडतात. घड २ ते ४ मिनिटं बुडवा. क्रेटमागून क्रेट बुडवून द्रावण रसानं, धुळीनं गढूळ झालं की बदला. इथली काटकसर फार महागात पडते. जाळीवर एकच थर ठेवा. घडावर घड पडला की मधले मणी उशिरा वाळतात आणि तपकिरी होतात. हिरवा रंग हवा तर थेट ऊन नकोच.

तासगाव पूर्व: आणि ओलावा? स्टोरेजमधल्या काही पेट्यांत गोळे झालेत.

शेड आणि रॅक: १४ ते १६ टक्के. त्याच्या वर राहिला की चिकटतो, पुढे बुरशी. फार खाली गेला तर वजन जातं, मणी कडक होतो. मुठीत दाबून सोडल्यावर मणी सुटे झाले पाहिजेत, तरी लॉटसाठी ओलावा मोजायचा मीटरच लावा. शेडमधला गरम माल लगेच १५ किलोच्या पेटीत भरला तर प्लॅस्टिकला आतून घाम येतो. तो निवू द्या, मगच भरा. स्टोरेज ४ अंशांच्या आसपास.

मार्केट यार्ड: यात भर घालतो. प्रत्येक पेटीवर शेडचा नंबर, काढणीची तारीख, ब्रिक्स लिहा आणि लॉट रंगानुसार लावा, सभासदांच्या नावानं नको. कुठल्या शेडचा माल दर पाडतो ते एका हंगामात कळेल. तोवर ग्रेडिंग भाड्यानं करून घ्या. पैशाची नड म्हणून घाईनं सौद्याला जाऊ नका. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बेदाणा बसतो, बाजार समितीत चौकशी करा. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे, पण ते नाव पेटीवर छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती या हंगामाआधीच करून घ्या.