हौद्यातली हळद : आजोबांची जुनी गाडी पुन्हा उभी करताना

आमच्या आबांची पिकअप एकोणीस वर्षं तासगावजवळच्या मळ्यात चिंचेखाली उभी होती. महिंद्राची चपट्या नाकाची एफसी. ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिन विलीज जीपचंच, पण पुढे बॉनेट नाही. ड्रायव्हर पुढच्या चाकाच्या डोक्यावर बसतो आणि इंजिन केबिनमध्ये, ड्रायव्हर आणि शेजारचा यांच्या मधल्या पेटीखाली. उन्हाळ्यात सांगली येईपर्यंत डावी पोटरी भाजून निघायची. आबांनी ती 1974 साली जुनीच घेतली आणि पुढची पंचवीसेक वर्षं आमची आणि भावकीची हळद तिनंच सांगलीच्या मार्केट यार्डात नेली.

आबा गेल्यावर आजीनं तिला कुणाला हात लावू दिला नाही. कोंबड्या आत अंडी घालायच्या, ते चालायचं. भंगारवाला फाटकापर्यंत आला तरी चालायचं नाही. दोन वर्षांपूर्वी आजीही गेली आणि गाडी माझ्याकडे आली.

इंजिन जाम होतं. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल ओतलं आणि रोज संध्याकाळी इंजिन फिरवायच्या हँडलला जोर लावत राहिलो. सोळाव्या दिवशी ते नखभर हललं. हेड उतरवल्यावर कळलं की दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेत. या इंजिनाची गंमत अशी की आत ओढणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतो आणि धूर सोडणारा खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळे हेड देऊन काम भागत नाही, अख्खा ब्लॉक लेथवर न्यावा लागतो. रिंग-पिस्टन, क्रँक घासणं, किंगपिन, पाट्यांचे बुश असं करत एक लाख चाळीस हजार झालेत. गाडी चालते, अजून उभी राहत नाही. म्हणजे ब्रेक व्हायचेत.

अडलंय ते हौद्याच्या फळ्यांवर. सात सागवानी फळ्या आहेत आणि त्यांच्या चिरांतून अजून हळद निघते. बोट फिरवलं की पिवळं होतं. बॉडीवाला म्हणतो, काढून टाका, चेकर प्लेट मारून देतो, शंभर वर्षं बघायला नको. फाळक्यावर आबांनी रंगवून घेतलेलं 'श्री गणपती प्रसन्न' आहे, त्यातली मधली अक्षरं उडालीत. तो ते नव्यानं लिहून देणार म्हणतो.

तुम्ही कुणी आजी-आजोबांची गाडी अशी उभी केली असेल तर सांगा. काय ठेवलं, काय काढलं, कुठे फसलात. ट्रक, जीप, टेंपो, काहीही चालेल.

कोल्हापूर, उद्यमनगर

मी लेथवर असतो, जुन्या जीपची कामं येतात. आजोबांची गाडी घेऊन येणारा माणूस लांबूनच ओळखू येतो. त्याला रंग ठरवूनच यायचं असतंय. फोनमध्ये फोटो दाखवतो, असला हिरवा पायजे म्हणतो. मी विचारतो, ब्रेकचा मास्टर सिलिंडर उघडलाय का? न्हाई.

पैलं ब्रेक करा. या गाड्यांना ब्रेकची एकच लाइन असती. एका चाकाचा सिलिंडर गळाला की चारी चाकांचा ब्रेक गेला, पेडल फळीला टेकतंय. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतंय, ड्रमातली धूळ तोंडानं फुंकू नका, हवा मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. आमच्या पिढीनं लई फुंकली.

दुसरं पेट्रोलचं. ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलवर वाढलेली. ते 2000 साली बंद झालं. ब्लॉक लेथवर आलाच हाय तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हला टेकायला कडक सीट बसवून घ्या, न्हाईतर व्हॉल्व्ह परत खाली बसणार. आता इथेनॉलचं पेट्रोल आलंय, ते जुनं रबर खातंय. पंपाचा पडदा, पाइप सगळं बदला. आणि गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर टाकी भरून तरी ठेवा, न्हाईतर पूर्ण रिकामी करा. अर्ध्या टाकीत पाणी धरतंय.

हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीसारखा आवळू नका. उलटा झटका आला की मनगट जातंय. तुमच्या आबांचं मनगट वाकडं होतं का, आठवून बघा.

फळ्यांचं मला इचारू नका. मी लोखंडातला माणूस.

चिपळूण

आमच्या अण्णांची, म्हणजे आईच्या वडिलांची जीप. मागचा भाग कापून हौदा केलेला. आंबा आणि जांभा दगड, दोन्ही वाहिलंय तिनं. मी ती 2019 मध्ये तयार केली. चांगला रंग केला, हौसेनं सीटवर रेक्झिन चढवलं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं आणि जीप छपरापर्यंत बुडाली. आम्ही माळ्यावर बसून होतो. तिसऱ्या दिवशी अंगणात उतरलो तेव्हा स्टिअरिंगला कुणाची तरी साडी गुंडाळलेली होती.

शेजाऱ्यांनी नव्या गाड्यांना चावी मारली आणि कनेक्टिंग रॉड वाकवून घेतले. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, रॉडच वाकतो. अण्णांची जीप वाचली ती अडाणी असल्यामुळे. तिच्यात काँप्युटर नाही, सेन्सर नाहीत. बॅटरी सोडवली, प्लग काढले, हँडलनं फिरवून पाणी बाहेर उडवलं. इंजिनाच्या चेंबरमधलं ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं. गिअरबॉक्स आणि दोन्ही डिफरन्शियलमधलंही तसंच. तीन वेळा स्वस्त ऑइल घालून धुतलं, चौथ्यांदा चांगलं भरलं. डायनॅमो आणि सेल्फ उघडून उन्हात ठेवले. पंधराव्या दिवशी ती चालू झाली आणि तिच्यातूनच आळीतला चिखल वाहिला.

रंग मात्र सगळा फुगला. लांबीखाली, म्हणजे रंगाखालच्या पुटीखाली, पाणी शिरलं होतं, पापुद्रे निघाले आणि आतून अण्णांचा जुना निळा वर आला. मी परत रंगवली नाही. खरं सांगायचं तर पैसेही नव्हते. आता लोक कौतुक करतात, मुद्दाम ठेवलंय का विचारतात. मी हो म्हणतो.

पुणे

सगळे इंजिनाबद्दल बोलताहेत, म्हणून कंटाळवाणा भाग मी सांगतो. आमच्या घरात गाडी नीट व्हायला आठ महिने लागले आणि कागद नीट व्हायला दोन वर्षं.

मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर होते ती फॉर्म 31 वर. त्यासाठी मृत्यूचा दाखला, आरसी आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. नियमात अपेक्षा अशी की 30 दिवसांत कळवायचं. आपण एकोणीस वर्षांनी जातो. आजोबांना तीन मुलं आणि दोन मुली असतील तर पाचही घरांतून सह्या. आमची एक आत्या रुसली होती, गाडीवरून नाही, 1988 च्या एका लग्नावरून. तिच्या सहीसाठी चार वेळा नाशिकला गेलो. चौथ्या वेळी तिनं जेवायला वाढलं तेव्हा काम होणार हे कळलं.

2021 मध्ये व्हिंटेज नोंदणीचा नियम आला. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली, मूळ रूपातली दुचाकी किंवा चारचाकी, फी 20 हजार, नोंदणी दहा वर्षांची. पण तो खासगी वापराच्या वाहनांसाठी आहे. तासगावकर, तुमची पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर आधी तो प्रश्न सोडवा. शिवाय व्हिंटेज नोंदणी झाली की रोजच्या कामाला किंवा धंद्याला ती गाडी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढंच. हळद न्यायची असेल तर विसरा.

आणि चासी नंबर घासून पुसून स्वच्छ करू नका! आमच्या डेंटरनं ग्राइंडर मारला. त्यातून बाहेर यायला सहा महिने गेले.

मिशिगन, अमेरिका

आजोबा माझे नाहीत, बायकोचे. शेतकरी होते आणि त्यांची 1951 ची शेवरोले 3100 पिकअप कोठारात होती. मी मूळचा साताऱ्याचा, ट्रॅक्टरच्या चिखलात वाढलेला, म्हणून सासऱ्यांनी किल्ली माझ्याकडे दिली. त्यांच्या स्वतःच्या मुलाला पाना धरता येत नाही.

इथला शत्रू मीठ. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते पत्रा खातं. केबिनचे मागचे दोन्ही कोपरे हातानं तुटून आले. बाकी सुख आहे. सत्तर वर्षं जुन्या गाडीच्या दाराचं रबरसुद्धा कॅटलॉगमध्ये मिळतं, पोस्टानं घरी येतं. उद्यमनगरसारखं कुणाला नमुना दाखवून बुश कातून घ्यावा लागत नाही. तेवढी मजाही कमीच. इंजिन सहा सिलिंडरचं, 216 घन इंचाचं. बेअरिंगमध्ये मऊ धातू ओतलेला आणि रॉडला ऑइल मिळतं ते बरंचसं शिंतोड्यांवर, म्हणून फार पळवायची नाही. स्टार्टर पायानं दाबायचा. बॅटरी 6 व्होल्टची. मी 12 ची करणार होतो, सासऱ्यांनी नजरेनंच नाही म्हटलं.

फळ्यांबद्दल मुद्दाम लिहितोय. या गाड्यांच्या हौद्यातही लाकडी फळ्या आणि मधे पोलादी पट्ट्या असतात. मी कॅटलॉगमधून ओकचा नवा संच मागवला, तीन हात वॉर्निश केलं, आरशासारखं चमकवलं. जुन्या फळ्या सरपणाच्या ढिगावर टाकल्या. सासरे आले, हौद्यात हात फिरवला, छान म्हणाले. मग ढिगाकडे गेले, एकेक फळी उचलून स्वतःच्या गाडीत घातली आणि निघून गेले. त्याचं त्यांनी बाक केलंय. मी गेलो की त्यावर बसायला सांगतात. दोन वर्षं झाली, मी त्या चमकत्या हौद्यात साधी खताची गोणी टाकलेली नाही. ओरखडा पडेल म्हणून.

सोलापूर

आमच्याकडे फारगो कंपनीची ट्रकगाडी होती. काका आणि बाबा यांचं वाटणीत एकमत होईना, म्हणून ती बारा वर्षं बाभळीखाली. शेवटी वजनावर गेली. क्रेन आली तेव्हा चासी मधोमध मोडली. माझ्याकडे फक्त रबरी भोंगा आहे. मुलगा वाजवतो. तुम्ही लोक इंजिनाचं लिहिता ते वाचतो, बरं वाटतं.

नाशिक

माझ्या आजीचा टेंपो. आजोबा लवकर गेले, दुधाचा धंदा तिनं चालवला. टेंपो चालवायला माणूस होता, पण मालक ती. तीन चाकी हँसिएट, डुकरासारखं पुढे आलेलं नाक, त्या नाकात इंजिन आणि ओढणारं चाकही पुढचं. टेंपो हे खरं तर एका जर्मन कंपनीच्या गाड्यांचं नाव. बजाज टेंपोनं 1958 पासून त्या इथे बनवल्या आणि आपण मराठीत प्रत्येक छोट्या मालगाडीला टेंपोच म्हणायला लागलो. आमच्या आजीसाठी मात्र जगात टेंपो एकच. मॅटाडोर आली तर ती म्हणायची, 'हा टेंपो नाही, ही मोटार आहे.'

मला तो चालता करता आला नाही. इंजिन कुणीतरी आधीच विकून टाकलं होतं आणि दुसरं मिळेना. जुन्या बाजारात फिरले, सुट्या भागांसाठी कुर्ल्याला जाऊन आले. एकानं रिक्षाचं इंजिन बसवून देतो म्हटलं. मी नको म्हटलं, आता वाटतं बसवायला हवं होतं. सध्या अंगणात उभा आहे, रंग केलेला, आत कुंड्या. आजीची एक सवय होती. दर महिन्याचा हिशोब ती हौद्याच्या आतल्या पत्र्यावर खडूनं लिहायची, नंतर खिळ्यानं. रंगाऱ्याला सांगितलं, तेवढा पत्रा सोड. त्यानं ऐकलं नाही, सवयीनं लांबी भरून मोकळा झाला. मी कामावर होते. तासगावकर, बॉडीवाल्याकडे गाडी सोडून येऊ नका, समोर बसा.

धागा काढणारा

सगळ्यांचं वाचलं. आबांचं मनगट खरंच वाकडं होतं. आम्हा पोरांना ते बैलानं मारल्यामुळे असं सांगायचे. काल वडिलांना विचारलं तर हसले, म्हणाले, बैलाचं नाव सांगायला सोपं.

नाशिकच्या ताईंचं वाचून सुट्टी टाकली आणि दोन दिवस बॉडीवाल्याच्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसलो. सातपैकी चार फळ्या खालून पूर्ण कुजल्या होत्या, बोट आरपार गेलं. त्या गेल्या. तीन धड आहेत, त्या केबिनजवळ एकत्र बसवल्या, मागे चार नव्या. दिसायला विचित्र दिसतं. बॉडीवाला म्हणतो, माझं नाव सांगू नका कुणाला. जुन्या चार वडिलांनी घरी न्यायला लावल्यात, कशाला ते सांगितलेलं नाही. फाळक्यावरची अक्षरं तशीच ठेवलीत, 'श्री ग' आणि 'ती प्रसन्न'.

पुणेकर, आरसी शोधली. नोंद मालवाहूच आहे, आणि आबांना मुली चार.

आता एकच मदत हवी. फाळक्याची डाव्या बाजूची कडी तुटलीय, सध्या सुतळीनं बांधलाय. ओतीव लोखंडाची, चोचीसारख्या आकड्याची, साधारण चार इंच. कुणाच्या परसात जुन्या एफसीचा सांगाडा असेल तर बघून सांगा, मी येऊन काढून नेईन.