‘एम्बोल्डन’ या इंग्रजी क्रियापदाची नेमकी छटा कोणती?

प्रश्न
एका अग्रलेखाचा अनुवाद करताना ‘एम्बोल्डन’ हे क्रियापद आले. पहिल्या घुसखोरीला कोणीच हरकत न घेतल्यामुळे आक्रमक देश ‘एम्बोल्डन’ झाला, असा त्या वाक्याचा आशय आहे. शब्दकोशात ‘धीर देणे, धाडसी करणे’ हे अर्थ सापडले. परंतु ‘आक्रमकाला धीर आला’ असे लिहिले तर वाचकाची सहानुभूती भलत्याच बाजूला जाते. हा शब्द ‘एन्करेज’चा निव्वळ पर्याय आहे, की त्याची छटा वेगळी आहे?

प्रतिसाद १
आपली शंका रास्त आहे. ‘एन्करेज’ हे क्रियापद माणसासाठी वापरले की त्यामागे बहुधा हेतू असतो: शिक्षक विद्यार्थ्याला मुद्दाम उत्तेजन देतो. ‘एम्बोल्डन’ला अशा हेतूची गरज नाही. तेथे कर्त्याच्या जागी बऱ्याचदा माणूस नसून परिस्थितीच असते, म्हणजे आधीचे यश, समोरच्याचे मौन किंवा टळलेली शिक्षा, आणि तिच्यामुळे एरवी कचरला असता असा माणूस पुढचे पाऊल टाकतो.

ही छटा जुनी आहे. बायबलच्या १६११ च्या इंग्रजी भाषांतरात, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात हेच क्रियापद येते. मूर्तीच्या देवळात जाणता माणूस जेवायला बसलेला पाहून दुर्बळ मनाच्या माणसालाही तो नैवेद्य खाण्याचे धाडस होणार नाही काय, असा तेथे प्रश्न आहे. जेवणाऱ्याने कोणाला आग्रह केलेला नाही. त्याचे तेथे बसणेच पुरेसे ठरते.

मराठीत याच्या सर्वांत जवळचा प्रयोग मला ‘भीड चेपणे’ हा वाटतो. आपल्या वाक्यात मात्र त्याहून कडक शब्द शोभेल. ‘म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो’ या म्हणीतील ‘सोकावणे’ येथे नेमके बसते, कारण पहिल्या वेळी कोणी अडवले नाही हेच तर आपल्या लेखकाला सांगायचे आहे.

प्रतिसाद २
‘भीड चेपणे’ मान्य; ‘सोकावणे’ मात्र सरसकट वापरू नये. एका साक्षीदाराने निर्भयपणे जबानी दिली आणि तिच्यामुळे ‘एम्बोल्डन’ झालेले इतर साक्षीदारही पुढे आले, असे वाक्य इंग्रजीत सहज लिहिले जाते आणि त्यात निंदेचा लवलेश नसतो. तेथे ‘सोकावले’ म्हणणे हा त्या साक्षीदारांचा अपमान होईल. ‘हिंमत वाढली’ किंवा ‘बळ आले’ हेच योग्य. शब्द स्वतः तटस्थ आहे; पुढे घडणारे कृत्य लेखकाला कसे वाटते, यावर त्याचा रंग ठरतो. बातम्यांत तो गुन्हेगार आणि हुकूमशहा यांच्या संदर्भात वारंवार भेटतो, म्हणून आपल्याला तो काळा वाटू लागतो, इतकेच.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. ‘शेजारी देशांच्या मौनामुळे तो सोकावला’ असे लिहीन. आणखी एक शंका: ‘मला बोलण्याचे धाडस झाले’ या अर्थी ‘आय एम्बोल्डन्ड टू स्पीक’ चालेल काय?

प्रतिसाद ३
चालणार नाही. हे क्रियापद सकर्मक आहे. कोणीतरी किंवा कशाने तरी कोणाला तरी धीट करावे लागते. म्हणून ‘आय वॉज एम्बोल्डन्ड टू स्पीक’ किंवा ‘आय फेल्ट एम्बोल्डन्ड’ असे लिहावे. बाहेरचे कारण नसून आपणच मनाचा हिय्या केला असेल, तर ‘प्लक अप करेज’ हा वाक्प्रचार घ्यावा. शब्दाची घडणही हेच सांगते: ‘बोल्ड’ या विशेषणाला आधी ‘एन’ हा उपसर्ग आणि शेवटी ‘एन’ असाच दिसणारा प्रत्यय लागून ‘धीट करणे’ असा अर्थ तयार झाला आहे, आणि ‘ब’ या ओष्ठ्य वर्णापूर्वी उपसर्गातील ‘न’चा ‘म’ झाला आहे, जसा ‘एम्पॉवर’मध्ये ‘प’पूर्वी होतो.

जाता जाता: अक्षरजुळणीच्या संदर्भात याच क्रियापदाचा अर्थ ‘अक्षरे ठळक करणे’ असा होतो. तेव्हा एखाद्या सूचनापत्रात ‘एम्बोल्डन्ड’ मजकूर आढळला, तर त्याला शौर्य बहाल करू नये.